शिष्यवृत्ती कुणाच्या बापाची?

"सरकारच्या पैशावर शिकतात साले!" कॉलेजच्या कट्ट्यावर हे आपल्या पोरापोरींना ऐकावं लागतं. ऐकून मान खाली जाते. मित्रांनो, माझा प्रश्न त्या खाली जाणाऱ्या मानेबद्दल आहे. शिष्यवृत्ती हा उपकार, की आपलं येणं?

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या मदतीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. राजा दिलदार होता. पण राजाची दिलदारी एका-दोघांना पुरते, आणि त्यासाठी राजा भला निघावा लागतो. पुढं बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, १९४४ मध्ये, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. मर्जीची गोष्ट सरकारी हिशेबात आली.

गिरणीत पाळी भरल्यावर पगार घेताना कुणी लाजत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गावाची मेलेली ढोरं ओढली, वेठ केली, सांगावे घेऊन रानोमाळ पळाले. त्याची मजुरी कुठाय? शिळ्या भाकरीत फिटली? ती थकबाकी आहे. शिष्यवृत्ती हा तिचा एक बारका हप्ता.

आता हप्ता बघा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख. घरात दोघं राबले की ती ओलांडली. त्यापुढच्यांना महाराष्ट्रात फ्रीशिप आहे, पण ती फीपुरती. आणि मर्यादेच्या आतल्याला तरी काय? घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला त्याच नियमांत भत्ता वर्षाला ३००० रुपये. म्हणजे दिवसाला आठ रुपये. कॉलेजची फी भागते, पोराचं पोट तसंच. आठ रुपयांत वडापावसुद्धा येत नाही.

२०२४ साली राज्यानं ८ लाखांच्या आतल्या इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. बरं झालं. कुणब्याच्या पोरीची अडचण खोटी नाही, आपण जळायचं कारण नाही. जो गरीब, त्याला शिकायचा हक्क आहेच. पण गरजेचा हक्क वेगळा आणि थकबाकीचा वेगळा. एक दिला म्हणून दुसरा फिटत नाही. आपल्याला दोन्हींसाठी भांडायचंय.

तेव्हा दोस्तांनो, उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत मान वर करून उभे राहा. येणं मागणारा भिकारी नसतो. आणि खिडकीपाशी पोचलात की त्या आठ रुपयांचा जाब विचारा.