तोवर एक कोर्स

दुबई, शारजातल्या मराठी घरांत दाढ ठणकू लागली की बऱ्याचदा एकच तोडगा निघतो: ‘रूट कॅनाल जुलैत पुण्याला गेल्यावर करू, तोवर डॉक्टरांकडून एक कोर्स लिहून घेऊ.’ यामागची अडचण खरी आहे. इथे खर्च फार, साध्या आरोग्यविम्यात दातांची कामं सहसा बसत नाहीत आणि गावाकडचा दंतवैद्य वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. डॉक्टरांचीही अडचण असते. समोरचा माणूस कळवळतोय, उपचाराला तयार नाही, मग त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? म्हणून चिठ्ठीवर अँटिबायोटिक उतरतं आणि दोघांनाही काही केल्याचं समाधान मिळतं.

पण त्या दाढेच्या आत काय चाललेलं असतं? कीड खोल गेली की आतला मऊ गर, ज्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात, तो सुजतो. चहूबाजूंनी कठीण भिंत, सुजेला पसरायला जागाच नाही. म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. पुढे तो गर मरतो आणि तिथला रक्तपुरवठा बंद पडतो. गोळीतलं औषध रक्तातून जातं; जिथे रक्तच पोचत नाही, तिथे ते कसं पोचणार? नस मेली की ठणकाही थांबतो. नेमका तेव्हाच पाच दिवसांचा कोर्स संपलेला असतो आणि श्रेय गोळीला मिळतं. आत जंतू मात्र मजेत वाढत असतात.

तिथे हातच घालावा लागतो. दात उघडून आतली घाण काढायची, पू असेल तर त्याला वाट करून द्यायची, नाहीतर दात काढायचा. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये हेच स्पष्ट सांगितलं: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ माणसाला दातावर लगेच उपचार मिळणार असेल, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नसते. दुखणं कमी करायला आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉलसारखी वेदनाशामकं आहेत. आपल्याला कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचारावं. ताप आला, सूज गालावरून गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र एक तासही दवडू नये. अँटिबायोटिक राखून ठेवायचं ते अशाच वेळेसाठी.

कारण हे औषध वापरून वापरून बोथट होतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारतानाच हा धोका सांगून ठेवला होता. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. जगातल्या अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्यांपैकी साधारण दहावा हिस्सा दंतवैद्यांचा मानला जातो, म्हणजे दातांची खुर्ची या गोष्टीपासून दूर नाही.

जंतूंना व्हिसाही लागत नाही. दक्षिण आशियात फिरून परतलेल्या डच प्रवाशांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या आतड्यांत औषधांना न जुमानणारे जंतू नव्याने आल्याचं २०१७ मधल्या एका अभ्यासात दिसलं. मुंबई आणि दुबई यांच्यात सतत ये-जा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मनावर घ्यायला हवं.

अमिरातीत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला मनाई आहे. अबू धाबीत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर २०१० पासून पद्धतशीर नजर ठेवली जाते. भारतातही अनेक अँटिबायोटिक्सच्या पाकिटावर ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं बजावणारी लाल रेघ असते. पण बॅगेत मेतकूट आणि लोणच्याशेजारी ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून येणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या पाकिटाला कोणता कायदा अडवणार? ते आपणच बाहेर काढायला हवं. उरलेल्या चार कॅप्सूल शेजारच्या वहिनींना देण्यात माया असते, हे खरं. पण त्यांच्या दाढेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आज एवढंच ठरवू या. दात दुखला तर जुलैची वाट पाहायची नाही. खर्चाची चिंता असेल तर ती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडायची: ‘डॉक्टर, निदान दात उघडून आजचं दुखणं थांबवता येईल का? बाकीचं काम मी नंतर करून घेईन.’ आणि त्यांनी अँटिबायोटिक लिहिलं तर नम्रपणे विचारायचं, ‘हे नक्की कशासाठी?’ ज्याला आपल्या रुग्णाची काळजी आहे, त्या डॉक्टरला हा प्रश्न आवडेल. अँटिबायोटिक न लिहिता जो खुर्चीवर बसवून काम करतो, त्याने आपल्याला कमी दिलं असं मानायचं नाही. त्याने आपली दाढ पाहिली आणि उद्या कुणाच्या तरी न्यूमोनियात लागणारं औषधही जपलं.