शब्दचौर्य आणि त्याचे प्रायश्चित्त

चोरलेले धन धन्याला परत करता येते. चोरलेले शब्द परत कसे करावेत? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त शब्दहरण व अर्थहरण यांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. कवी थोडाफार चोर असतोच, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. तथापि ऋण आणि चोरी यांत भेद आहे. ऋणको धनकोचे नाव स्मरतो. चोर ते पुसून तेथे स्वतःचे घालतो.

अमेरिकेतील लोकप्रिय प्रणयकथालेखिका जॅनेट डेली यांचे उदाहरण या दृष्टीने विचारणीय आहे. एका वाचकाने त्यांची 'नटोरिअस' आणि नोरा रॉबर्ट्स यांची 'स्वीट रिव्हेंज' या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या आणि साम्य उघडकीस आले. १९९७ साली डेली यांनी चोरी कबूल केली. मात्र एका मानसिक विकारामुळे ती घडली, असे सांगितले. 'नटोरिअस' व 'अ‍ॅस्पेन गोल्ड' ही पुस्तके विक्रीतून काढून घेण्यात आली. रॉबर्ट्स यांनी दावा लावला आणि एप्रिल १९९८ मध्ये तडजोड झाली. पुढे २००१ साली डेली यांना नवा प्रकाशक मिळाला, त्यांची पुस्तके पुन्हा निघू लागली. २०१३ साली त्या निवर्तल्या.

हे पुनरागमन न्याय्य होते काय?

धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्तात ख्यापन, म्हणजे पापाचे उघड कथन, आणि अनुताप यांना स्थान दिले आहे. कारण सांगणे या दोहोंहून निराळे. आजार खरा असेल तर तो करुणेस पात्र आहे. परंतु कारण कळल्याने अपराध समजतो, ऋण फिटत नाही. दुसरे असे की, वाचकांनी नवी पुस्तके विकत घेतली म्हणजे क्षमा झाली, असेही नव्हे. ज्याचे गेले त्यालाच क्षमेचा अधिकार. इतरांचे औदार्य परक्याच्या तिजोरीतून केलेले दान होय.

मग अशा लेखकाने लेखणी कायमची टाकावी काय? तसे म्हणणे कठोर होईल. चोरी करणाऱ्या हाताला कष्टाची भाकरी मिळवण्याची बंदी केली, तर त्याने सुधारावे कसे? त्याने अवश्य लिहावे. मात्र गेलेली कीर्ती हक्क म्हणून मागू नये. प्रत्येक ओळ स्वतःची आहे की नाही हे प्रकाशकाआधी स्वतः तपासावे. आणि ज्याचे घेतले त्याचे नाव, विचारले नसतानाही, घ्यावे.

हा प्रश्न केवळ ग्रंथकारांचा नाही. सहकाऱ्याने रात्र जागून केलेले टिपण आपल्या नावाने वरिष्ठांपुढे ठेवणारा, सुनेच्या हातच्या स्वयंपाकाची स्तुती पाहुण्यांसमोर स्वतःकडे घेणारी सासू, हेही शब्दांवाचून तेच करतात. तेथे दावा लागत नाही, पुस्तक मागे घ्यावे लागत नाही. म्हणूनच प्रायश्चित्तही राहून जाते. ज्यांच्यासमोर श्रेय घेतले, त्यांच्याचसमोर ते परत करावे. एकांतातील पश्चात्तापाने मन हलके होईल; पण दुसऱ्याचे पुसलेले नाव त्याने पुन्हा उमटत नाही.