आत्याबाईंचे मलम

दिवाळीत कुणा पोराच्या हातावर फुलबाजीची ठिणगी पडली, की मला आत्याबाईंच्या मलमाची आठवण होते. आळीतले कुणीही भाजले, की धाव त्यांच्याकडे. पैसा त्यांनी कधी घेतला नाही; पण मलमात काय घालतात, हेही कधी सांगितले नाही. ‘सांगितले की गुण जातो,’ असे म्हणत. त्या गेल्या. मागे उरली ती तळाला मेण चिकटलेली चिनी मातीची बरणी.

पुढे पेटंटच्या कायद्याविषयी वाचताना ती बरणी डोळ्यांपुढे आली. पेटंट म्हणजे शोधाला ठोकलेले कुलूप, असा माझा समज होता. वस्तुतः तो एक सौदा आहे. संशोधकाने आपली कृती, दुसऱ्या जाणकाराला करता येईल इतकी उलगडून, कागदावर मांडायची. त्याबदली समाज त्याला वीस वर्षांचा मक्ता देतो. मुदत सरली, की कृती सर्वांची. लोभी संशोधकाचे ज्ञान असे २० वर्षांनी मोकळे होते. निर्लोभी आत्याबाईंचे त्यांच्याबरोबर चितेवर गेले. यांत अधिक नीतिमान कोण?

कुणी म्हणेल, मग हळदीचे काय? प्रश्न रास्त आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या नावे, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मंजूर झाले! आपल्याकडे संताप उसळला. पण संतापाने पेटंट रद्द होत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुरावा म्हणून पुढे ठेवला, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरच्या आजींची साक्ष तिथे चालली नसती. कुणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून हळद सुटली.

तरीही, सौदा करणारा नेहमी सरळच वागतो असे नाही. मुदत संपत आली, की जुन्या भाजणीत चिमूटभर ओवा टाकून ‘ही नवी चकली’ म्हणण्याचा मोह त्याला होतो. आपण २००५ साली औषधांना पुन्हा पेटंट देऊ केले, तेव्हा कायद्यात एक अट घातली : माहीत असलेल्या द्रव्याचे रूप नुसते पालटून भागणार नाही, गुण वाढला पाहिजे. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिवेक’ या औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली याच अटीवर पेटंट नाकारले. कंपनीचे औषध तेव्हा महिन्याला लाखाहून अधिक रुपयांचे होते, देशी गोळ्या त्याच्या दशांशाच्या आसपास. त्या घरांतली माणसे या निकालाकडे किती आशेने पाहत असतील!

मला वाटते, ज्ञानावर काही काळ हक्क सांगणे हे पाप नव्हे. श्रमाला फळ हवेच. पाप आहे ते मुदत नसलेल्या मालकीत. मग ती कंपनीची असो की आत्याबाईंची.

पण आत्याबाईंना दोष देताना जीभ अडखळते. आम्ही वर्षानुवर्षे मलम फुकट नेले. बोट बरे झाले, की बरणी विसरलो. ‘तुमच्या नावाने हे लिहून ठेवू का?’ असे त्यांच्यापाशी बसून एकाही दिवाळीत कुणी विचारले नाही. सौदा आमच्या बाजूनेच कधी मांडला गेला नव्हता.