येळवशीला रान कुणाचं?

मार्गशीर्षातल्या अमावस्येला कर्नाटकाच्या सीमाभागातल्या मंठाळ, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातली गावं ओस पडतात. येळवस असते. सगळा गाव रानात. कडब्याची कोप उभी करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात, भोवती आंबील शिंपडत फिरतात आणि मग पंगत बसते: भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे हिरवे दाणे एकाच भज्जीत शिजतात. परिसर अध्ययनाचा याहून चांगला तास कुठल्या पुस्तकात सापडेल असं मला वाटत नाही.

पण त्या पंगतीत वर्गातली सगळी मुलं सारख्या नात्याने बसलेली नसतात. ज्याच्या बापाच्या नावावर जमिनीची पहाणी, म्हणजे उतारा आहे, त्याचं ते रान. ज्याची आई त्याच रानात वर्षभर रोजाने खुरपते, तो तिथे जेवायला बोलावलेला पाहुणा. दुसऱ्या दिवशी शाळेत दोघांनाही एकच धडा शिकवला जातो: माणसाने जंगलं तोडली, माणसाने पाणी नासवलं, आता माणसाने निसर्ग वाचवला पाहिजे. कुठल्या माणसाने? ज्याच्या बोअरने शिवाराचं पाणी उपसलं त्याने, की जिची घागर त्यामुळे कोरडी राहिली तिने?

वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. विषय आला, जातीचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच आला. अमेरिकेत वंशाबाबतही फार काळ असंच चाललं होतं. 1982 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीत विषारी माती पुरायला काळ्या लोकांच्या वस्तीचा भाग निवडला गेला, तेव्हा लोक ट्रकांपुढे आडवे पडले. घातक कचरा कुठे टाकायचा हे ठरताना गरिबीपेक्षाही वंशाचा वाटा मोठा असतो, असं 1987 च्या एका अहवालाने आकडे मांडून दाखवलं. गावकुसाबाहेरची वस्ती पाहिलेल्या माणसाला हे समजायला आकडे लागत नाहीत.

आमच्या भागाला तर हा विचार बाहेरून आणायचीही गरज नाही. मंठाळ ज्या बसवकल्याण तालुक्यात येतं, तिथल्या जुन्या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांभोवती जमलेले शरण कोण होते? बांबू विणणारा मेदार केतय्या, गवताचे दोर वळणारा नुलिय चंदय्या, कातडं कमावणारा डोहर कक्कय्या, नाव हाकणारा अंबिगर चौडय्या. बांबू, गवत, कातडं, पाणी यांची जाण ज्यांच्या हातात होती, तीच माणसं तिथे बोलत होती आणि वचनं रचत होती. पुढचं परंपरा सांगते: चांभार हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालं आणि दोन्ही बापांना देहदंड मिळाला. शरणांच्या कष्टांचा गौरव झाला तोवर राजाने सोसलं. लग्न लागलं तेव्हा नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आता अभ्यासक्रमात ‘पारंपरिक ज्ञाना’चा मान ठेवायची भाषा आली आहे. ती चांगली आहे, तितकीच जपून वापरायचीही आहे. तरवडाच्या आणि बाभळीच्या सालीत कातडं कसं कमावतात हे रसायनशास्त्रच आहे, वर्गात ते यावं. पण गुरुजींनी भर वर्गात एकाच मुलाकडे बोट दाखवून ‘तू सांग, तुझ्या आज्याला येत असेल’ म्हटलं, तर त्याचा गौरव झाला की जात पुकारली गेली? बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन ज्या घरांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यांच्या नातवाला कौतुकाच्या नावाखाली पुन्हा त्याच ढोरापाशी नेऊन उभं करायचं नाही. सालीचा धडा सगळ्यांनी शिकावा आणि तो सांगायची सक्ती कुणा एकावर नसावी.

पाण्याचा धडा मात्र महाडपासून सुरू व्हावा. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि हजारो माणसं ओंजळीने प्याली. तळं बाटलं म्हणून नंतर त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. पाणी खरोखर कशाने नासतं, हे चौथीतलं मूलही सांगेल.

आणि नकाशाचा धडा? ‘आपल्या गावाचा नकाशा काढा’ म्हटल्यावर तांड्यावरच्या लंबाणी मुलीने काय काढायचं? घरात ती गोरमाटी बोलते, शाळेत मराठी किंवा कन्नड. तिचा समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेलंगणात अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. जानेवारी 2023 मध्ये मळखेडला बिदर, कलबुर्गीसह पाच जिल्ह्यांतल्या तांड्यांसारख्या वस्त्यांवरच्या पन्नास हजारांहून जास्त कुटुंबांना राहत्या जागेची हक्कपत्रं वाटली गेली. तोवर त्यांच्या वस्त्या महसुली गावं म्हणून दप्तरात नव्हत्याच. पोरं मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढत होती.

त्याच वर्षी डिसेंबरात कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात एका निवासी शाळेतल्या मुलांना शौचालयाच्या खड्ड्यात उतरवून तो साफ करायला लावल्याचं उघड झालं. मुलं दलित होती. स्वच्छतेचं शिक्षण असं दिलं जातं, तेव्हा कुणी काय शिकलं? एनसीईआरटीच्या पाचवीच्या जुन्या पुस्तकात हे काम कोण करणार, असा थेट प्रश्न विचारणारा धडा होता. सफाई करणाऱ्यांचं म्हणणं त्यात होतं. तो धडा सीमाभागातल्या प्रत्येक मराठी आणि कन्नड शाळेत, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांनाही समजेल असा शिकवला जावा. मैला उपसायच्या खड्ड्यात कोणत्याही माणसाने उतरू नये, मुलाने तर नाहीच. शाळेतली साधी झाडलोट करायची असेल तर पाळ्या फळ्यावर लिहाव्यात, सगळ्यांची नावं घालून, आणि पहिलं नाव मुख्याध्यापकांचं असावं.