तिकीट काढलं म्हणजे हिशेब संपला का?

सुट्टीच्या बाबतीत नैतिक प्रश्न विचारणारा माणस कुणालाच आवडत नाही. वर्षभर डेडलाइन आणि ऑन-कॉल सांभाळल्यावर चार दिवस मिळतात, त्यातही तत्त्वज्ञान कशाला? हे मला पूर्ण मान्य आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि ते चार दिवस मलाही लागतात. पण मी मूळचा चंद्रपूरचा. दर उन्हाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, "ताडोब्याला वाघ नक्की दिसतो ना?" मी गेट, जिप्सी, बुकिंग सगळं सांगतो. चंद्रपूर शहरात काय बघायचं, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यातून एक प्रश्न डोक्यात राहिला आहे. एखाद्या ठिकाणी आपण बघायला, खायला, निवांत पडायला जातो, त्याचे रीतसर पैसे देतो. तेवढ्याने त्या ठिकाणाशी आपला हिशेब पुरा होतो का?

या प्रश्नाचं सगळ्यात ठळक उदाहरण मोरोक्कोतल्या फेस शहरात आहे. तटबंदीच्या आतलं हे जुनं शहर १९८१पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अरुंद गल्ल्या, जुने मदरसे, पुदिन्याचा चहा, मधे अंगण असलेली घरं. त्यातल्या अनेक घरांची आता 'रियाद' नावाने हॉटेलं झाली आहेत. तिथेच शुआरा नावाची चामडं कमावायची जागा आहे. कातडी मऊ करायला चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, मग ती रंगाच्या हौदांत बुडवतात. कामगार हौदात उतरून ती तुडवतात. पर्यटक भोवतीच्या दुकानांच्या गच्च्यांवरून हे बघतात, फोटो काढतात. वास सोसवत नाही म्हणून वर जाताना त्यांच्या हातात पुदिन्याची काडी दिली जाते. ती नाकाशी धरायची आणि खाली बघायचं.

ही काडी देणाऱ्याला मी दोष देणार नाही, तो पाहुणचारच आहे. पण दृश्य आपलं आणि वास खालच्या माणसाचा, अशी वाटणी ती काडी करते. आमच्या कामात याला 'ॲबस्ट्रॅक्शन' म्हणतात. एपीआय वापरायची, आत काय चाललंय ते बघायचं नाही. कोड लिहिताना ही सोय फार उपयोगी पडते. माणसांच्या बाबतीतही ती तितक्याच सहज वापरली जाते.

आता चंद्रपूर बघा. तेही तटबंदीचं शहर, गोंड राजांची राजधानी. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. त्यातल्या एका खिडकीचं नाव चोर, एकीचं मसाण. अंचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. बीरशहाची समाधी त्याच्या राणीने, हिराईने बांधली. राजाने राणीसाठी बांधलेल्या वास्तू आपल्याला पाठ असतात, ही उलटी गोष्ट विदर्भाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. परकोटावर झाडंझुडपं माजली होती. २०१७पासून 'इको-प्रो'च्या तरुणांनी श्रमदान करून तो मोकळा केला. सकाळी गरम तर्री-पोहे किंवा आलुबोंडा-रस्सा, आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून येणारी माणसं. फेसला जे बघायला लोक समुद्र ओलांडून जातात, त्याच जातीचं हे सगळं आहे. पण आमच्याकडचा पर्यटक मोहर्ली गेटवरून आत जातो आणि तिथूनच परत फिरतो.

याचं मला रडगाणं गायचं नाही. पर्यटक आले असते तर जटपुऱ्यातल्या घरांचीही कदाचित हॉटेलं झाली असती. माझा मुद्दा वेगळा आहे. पर्यटकाला वाटतं, आपला या जागेशी संबंध बुकिंगपासून सुरू झाला. तो त्याच्या खूप आधी सुरू झालेला असतो.

ताडोब्याच्या वाटेवर दुर्गापूरचं महाऔष्णिक वीज केंद्र लागतं. क्षमता २९२० मेगावॅट. जिल्ह्यातला कोळसा तिथे जळतो आणि तयार झालेली वीज राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. माझा पुण्यातला लॅपटॉप, तुमच्या हातातल्या फोनचा चार्जर, सोसायटीची लिफ्ट याच ग्रिडवर चालतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यांकन केलं, त्यात सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांमध्ये चंद्रपूर चौथं होतं. म्हणजे ताडोब्याला यायच्या आधी वर्षभर आपण चंद्रपूर वापरतच असतो. मग सुट्टीत तिथली शुद्ध हवा घ्यायला येतो.

जंगलाचंही तेच. ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं, असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो गेला आणि तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं. ज्यांचा तो देव, त्यांना आता तिथे जायला परवानगी लागते. जंगलाच्या आतली बोटेझरी, जामणीसारखी गावं वाघांसाठी बाहेर हलवली गेली. वाघ वाढले, हे खरंच चांगलं झालं. पण सफारीच्या तिकिटात जिप्सी, गाईड आणि प्रवेशशुल्क धरलेलं असतं, उठून गेलेलं गाव कुठल्याच रकान्यात नसतं.

मे महिन्याचं गणित तर फारच सरळ आहे. पारा ४५च्या वर जातो, पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो, म्हणून पर्यटकांना मे आवडतो. तेंदूपत्ता तोडायचा हंगामही तेव्हाच असतो. पहाटे गेटवर जिप्सींची रांग लागते, त्याच वेळी आसपासच्या गावांतल्या बायका पानं तोडायला जंगलात शिरतात. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. वाघ दिसणं ही एकाची आयुष्यभराची आठवण असते. दुसरीची प्रार्थना असते की तो दिसू नये.

यावर आक्षेप येतो की पर्यटनामुळेच तर गावात पैसा येतो. खरं आहे. मोहर्लीतली मुलं जिप्सी चालवतात, मुली गाईड झाल्या आहेत, त्यांना गाव सोडावं लागलं नाही. पण पैसे ज्याला मिळतात आणि किंमत जो मोजतो, ती दरवेळी एकच व्यक्ती नसते. गाईडला दिलेल्या पैशाने तेंदूवाल्या बाईची फेड होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. असा विचार करत बसलो तर माणसाने कुठे जायचंच नाही का? अँटिग्वा बेटावर वाढलेल्या जमेका किंकेडने १९८८च्या 'अ स्मॉल प्लेस' या छोट्या पुस्तकात याच्या मुळाला हात घातला. तिचं म्हणणं असं की रोजच्या कंटाळ्यातून सुटावंसं प्रत्येकाला वाटतं. पण जगातल्या बहुतेकांना, ते राहतात तिथून निघणंही परवडत नाही आणि तिथे नीट जगणंही नाही. म्हणजे विश्रांतीची इच्छा सगळ्यांची सारखी असते, वाटप मात्र सारखं नसतं. म्हणून ज्याला ती मिळते त्याने ती टाकून देऊन उपयोग नाही. अपराधी वाटून घेत रिसॉर्टवर बसल्याने कुणाचंच भलं होत नाही.

मराठीत 'पाहणे' आणि 'पाहुणा' हे शब्द सख्खे वाटतात, त्यांचं मूळ वेगळं आहे. पाहुणा घर बघायला आलेला नसतो. तो हातात काहीतरी घेऊन येतो, घरच्यांच्या वेळेला जेवतो, घरात आजारी माणूस असेल तर त्याच्याशी दोन शब्द बोलतो. निघाल्यावरही त्याचं त्या घराशी नातं राहतं. पैसे देऊन मोकळं होण्याची सोय त्याला नसते.

मला वाटतं, सुट्टीवर जायला नैतिक अडचण नाही, पण जायचं ते असं जावं. मंगळवारी ताडोबा बंद असतो, त्या दिवशी परकोटावरून चालावं. गाईडला वाघाखेरीज दुसरंही काही विचारावं आणि तो सांगेल ते ऐकावं. वाघाभोवती गाड्या दाटल्या तर ड्रायव्हरला 'अजून पुढे घे' म्हणू नये. आणि परतल्यावर चंद्रपूरची हवा, कोळसा, वाघाच्या हल्ल्यातली नुकसानभरपाई यांच्या बातम्या स्क्रोल करून पुढे जाऊ नये. आपण ते घर बघून आलोय, निदान तिथल्या लोकांच्या बाजूने बोलता येतं.

एवढं केल्याने हिशेब मिटतो, असं मी म्हणणार नाही. तेंदूचा हंगाम संपला की त्या बाईला धानाची रोवणी असते. तिच्या सुट्टीचे चार दिवस कुठून येतील, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुठल्याही पर्यटन धोरणात मी ते वाचलेलं नाही.