चावी देणाऱ्यांचा इतिहास

निमगाव केतकीतल्या एका ओळखीच्या घरी आजोबांच्या काळातलं जर्मन घड्याळ दुरुस्त होऊन आलं. पाहायला येणारा प्रत्येक जण आधी विचारी, ‘कंपनी कुठली?’ मागचं झाकण उघडून दाखवलं जाई. पितळी पत्र्यावर आठ टोकांचा तारा आणि त्यात ‘जे’ हे अक्षर. म्हणजे युंगहान्स. मग लोक मान डोलवत.

या मान डोलवण्याला आधार आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधले शेतकरी हिवाळ्यात घरबसल्या लाकडी घड्याळं करत. त्याच मुलखातल्या श्रामबर्गमध्ये एरहार्ड युंगहान्स यांनी १८६१ साली मेहुण्याच्या साथीने कारखाना काढला आणि अमेरिकी पद्धत उचलली. पत्रा यंत्राने कापायचा, सगळे भाग एका मापाचे करायचे आणि शेवटी जोडायचे. घड्याळ स्वस्त झालं. १९०३ पर्यंत सुमारे तीन हजार कामगार वर्षाला तीस लाखांवर घड्याळं काढत होते. जगात एवढा मोठा घड्याळ-कारखाना दुसरा नव्हता. पुढे डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची नऊ मजली इमारत उभी राहिली, प्रत्येक कारागिराच्या टेबलावर दिवसाचा उजेड पडावा म्हणून. आणि याच कंपनीने दोन्ही महायुद्धांत तोफगोळ्यांचे फ्यूजही बनवले. गोळा नेमका कधी फुटायचा, हेही शेवटी वेळेचंच गणित. तारा मिरवायचा तर ही बाजूही त्याच्याबरोबर येते.

पण एवढा सगळा इतिहास घड्याळ कारखान्याबाहेर पडेपर्यंतचा. त्यानंतरची सगळी वर्षं त्याने कुणाच्या हातात काढली?

हे घड्याळ भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीसाठी घडवलेलं. इथे ना तशी शेकोटी, ना ती फळी. ते कोनाड्यात बसलं, शेजारी पंचांग. कारखान्याने त्याला फक्त चाल दिली. किती वाजले, हे इथल्याच माणसांनी ठरवलं. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई महापालिकेने १९५० पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ सोडली नव्हती. त्या काळात एकाच कारखान्याची दोन घड्याळं वेगवेगळे वाजवत असतील आणि दोन्ही बरोबर असतील.

दुरुस्तीत खरं पाहण्यासारखं होतं ते आत. चाकांचे आस वर्षानुवर्षं फिरून पत्र्यातली भोकं लांबट होतात, चाकं कलतात, दाते नीट बसत नाहीत आणि घड्याळ थांबतं. योग्य इलाज म्हणजे तिथे नवा बुश, म्हणजे पितळी कडी, बसवणं. या घड्याळात दोन भोकांभोवती पोगराने मारलेल्या ठोक्यांचं कडं दिसतं. कुणीतरी पितळ ठोकून ठोकून आत ढकललं आणि भोक आवळलं. जवळच बारीक टोकाने ओरखडलेली एक तारीख आहे, निम्मी पुसलेली. जाणकार या कामाला गावठी म्हणतील. पण बुश मिळत नव्हता, घड्याळ तर चालायला हवं होतं. त्या ठोक्यांनी ते चाललं.

निमगाव केतकीच्याच पानमळ्यात वेल उंच गेली की उतरवतात. खालचं खोड गोल गुंडाळून मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा वर चढवतात. मळा किती वर्षांचा, असं विचारलं तर लागवडीचं साल सांगतात, पण मळा टिकतो तो दरवर्षीच्या उतरणीवर. घड्याळाचंही तेच. सांगितलं जातं कारखान्याचं साल, टिकवणाऱ्याची नोंद मात्र आतल्या बाजूला, ओरखड्यात.

म्हणून ‘नव्यासारखं करून द्या’ ही मागणी मला खटकते. झिजलेला बुश बदलावा, काळं पडलेलं तेल धुवावं, थकलेली कमान नवी घालावी, कारण बंद घड्याळ म्हणजे नुसती पेटी. पण पत्रा आरशासारखा घासला की ओरखडलेली तारीख जाते आणि उरतं ते फक्त कंपनीचं घड्याळ. ते तर श्रामबर्गच्या संग्रहालयातही मिळेल. दुरुस्तीला टाकताना कारागिराला दोनच गोष्टी सांगाव्यात : आधीच्याची खूण पुसू नका, आणि शेजारी तुमची तारीख घाला.