घरचा तंटा आणि पोलिसांचा न्याय

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील भुकूम गावी १६ मे २०२५ रोजी एका तरुण सुनेचा मृत्यू झाला, आणि त्या प्रकरणाची चर्चा मुंबईपासून आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील चावडीपर्यंत येऊन पोचली. तिचे सासरे राजेंद्र हगवणे हे त्या तालुक्यातील राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे (अजित पवार गटाचे) पुढारी होते. हुंड्यासाठी छळ झाल्याची फिर्याद माहेरच्या मंडळींनी दिली. पती, सासू व नणंद यांस लौकर अटक झाली. परंतु सासरे व दीर हे सुमारे आठवडाभर पोलिसांस सापडले नाहीत, व २३ मे रोजी ते धरले गेले. मध्यंतरी पक्षाने त्यांस काढून टाकले. मग लोकांस असेही कळले की, त्याच घरच्या थोरल्या सुनेने २०२४ च्या नोव्हेंबरात पौड येथील पोलीस ठाण्यात मारहाणीची तक्रार केली होती, आणि तिच्या माहेरच्यांनी राज्य महिला आयोगाकडेही अर्ज धाडला होता. त्या मृत मुलीचे नाव वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचविले आहे. येथे ते पुनः घेण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु या प्रकरणाने जो नीतीचा प्रश्न उभा केला, तो आमच्या वाचकांच्या गावांतही रोज उभा राहतो. म्हणून त्याचा विचार करू.

प्रश्न असा : वजनदार मनुष्याच्या घरात तंटा झाला, तर पोलिसांनी कसे वागावे?

पारावर या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "नवराबायकोचे भांडण ते, घरचे घरात मिटू द्यावे. पोलिसांनी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की संसार मोडला." दुसरा पक्ष म्हणतो, "पुढारी आहे ना? मग घरची सगळी माणसे एकदम कोठडीत घाला, म्हणजे इतरांस दहशत बसेल." ही दोन मते एकमेकांच्या उलट दिसतात, पण दोघांची चूक एकच आहे. काय घडले हे न पाहता, ते कोणाच्या घरी घडले हे दोघेही पाहतात. पहिला घराच्या अब्रूकडे पाहून डोळे मिटतो, दुसरा घराच्या मोठेपणाकडे पाहून हात उगारतो. न्याय या दोघांपाशीही नाही.

आता, घरची गोष्ट म्हणजे काय हे आधी ठरविले पाहिजे. स्वयंपाकावरून, सणाच्या खर्चावरून, सासूसुनेच्या स्वभावावरून बोलाचाली होते. ती खरोखर घरची आहे, व तेथे शिपायाचे काही काम नाही. परंतु एक कसोटी लावून पाहावी. या घरात दोन्ही बाजूंस निर्भयपणे बोलता येते काय? बोलता येत असेल तर तो तंटा होय. एक बोलतो व दुसरी मार खाण्याच्या किंवा घराबाहेर काढले जाण्याच्या भीतीने गप्प राहते, असे असेल तर तो तंटा नव्हे, तो जुलूम होय. आणि जुलमास भिंतीचा आडोसा मिळाल्याने तो खासगी होत नाही. रस्त्यावर परक्याने केलेला प्रहार गुन्हा, आणि तोच घरात आप्ताने केला तर घरगुती बाब, हा हिशोब कोणत्या मापाचा? आमच्या देशाच्या कायद्याने हे ओळखले आहे. हुंडा १९६१ साली बेकायदेशीर ठरला; विवाहितेच्या छळाचे कलम १९८३ साली आले; लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला व त्यापूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर निराळा गुन्हा मानावा, असे १९८६ साली ठरले; आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा पुढील वर्षी अमलात आला.

परंतु कोणी म्हणेल की, खोटी फिर्यादही होऊ शकते, व पुढाऱ्याचे वैरी तिचा फायदा घेतात. हे खरे आहे, आणि यास उत्तर दिलेच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही बाजू तोलल्या आहेत. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात त्याने सांगितले की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर ठाणेदाराने ती नोंदविलीच पाहिजे. मात्र पतिपत्नीच्या व कुटुंबाच्या तंट्यांत आधी थोडी चौकशी करण्यास मोकळीक आहे, आणि तीही ठरलेल्या थोड्या मुदतीत संपविली पाहिजे. पुढे २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार खटल्यात त्याच न्यायालयाने बजाविले की, अशा फिर्यादीत विचार न करता सरसकट अटक करू नये. या दोन निकालांतून एक साधा नियम निघतो. लिहून घेण्यास उशीर नको, आणि बेड्या घालण्यास घाई नको.

वाचकहो, या नियमाच्या पोटातील नीती लक्षात घ्या. निर्दोष मनुष्यास अटक झाली तर जी हानी होते ती सहजी भरून येत नाही. फिर्याद नोंदली गेल्याने त्यास त्रास होतो हे आम्ही नाकारीत नाही. पण तपास लौकर व नीट झाला तर तोच कागद त्याच्या निर्दोषपणाची साक्ष देतो. नोंदच झाली नाही तर कुजबूज मात्र राहते, व तिच्यावर कोणतेही न्यायालय निकाल देत नाही. उलटपक्षी, जिचे म्हणणे लिहिलेच गेले नाही ती त्याच घरी परत जाते. चौकशीचे दिवस दोन्ही बाजूंस सारखे नसतात. पुढाऱ्यास ते दिवस वकील गाठण्याचे, ओळखी काढण्याचे असतात. सुनेस त्या त्याच छपराखाली काढावयाच्या रात्री असतात. म्हणून विलंब हा निःपक्षपातीपणा नव्हे. दुबळा व बलवान यांच्यामध्ये जो नुसता थांबून राहतो, तो न बोलता बलवानाचे काम करीत असतो.

ठाणेदारही संसारी मनुष्य आहे, त्याच्या मानेवर बदलीची तलवार असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस अधिकाऱ्यांस एका जागी किमान दोन वर्षे राहू द्यावे, व पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी निराळे प्राधिकरण असावे, अशी आज्ञा केली. पण सर्व भार ठाणेदारावर टाकून पुढाऱ्यास मोकळे सोडणे बरोबर नाही. भुकूमच्या प्रकरणात त्या घराचे एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याशी नाते असल्याची गोष्ट पुढे आली, व आपला या प्रकाराशी संबंध नाही असे त्या अधिकाऱ्याने सांगितले. ते खरे मानले तरी प्रश्न उरतो. मोठ्या मनुष्याने फोन केला नाही, एवढ्याने त्याचे कर्तव्य संपत नाही. कारण त्याने न केलेला फोनही हाताखालच्यांस ऐकू येतो. ज्यास लोकांनी मान दिला, त्याच्या घरावर बालंट आले तर त्याने आपण होऊन ठाण्यात जावे व "माझी ओळख विसरून तपास करा" असे चारचौघांत सांगावे. मानाची ही किंमत आहे; ती द्यावयाची नसेल तर मान घेऊ नये.

इतके पुढाऱ्यांविषयी झाले. आता आपल्या गावाकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, ज्या स्त्रियांनी मार किंवा अत्याचार सोसला त्यांपैकी शेकडा १४ स्त्रियांनीच कोणाकडे मदत मागितली. म्हणजे पोलिसांची परीक्षा फार थोड्या वेळा होते; पहिली परीक्षा आईबापांची, शेजाऱ्यांची, पोलीस पाटलाची, आणि मंडळीतील पंचांची व उपदेशकांची होते. माहेरी आलेल्या मुलीस "सोसून घे, नांदायला जा" म्हणून परत पाठविणारा बाप, आणि तक्रार न लिहिता समजूत घालून परत पाठविणारा ठाणेदार, यांच्यात अंतर किती? गावचा श्रीमंत शेतकरी पंचांस मजुरी देतो, म्हणून त्याच्या सुनेचे गाऱ्हाणे पुढच्या बैठकीवर ढकलले जाते; तेथे पुण्याच्या पोलिसांस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस राहत नाही. शुभवर्तमानातील विधवेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला अखेर न्याय मिळाला, पण तिच्या वारंवार येण्यास न्यायाधीश कंटाळला म्हणून. जी पुनः येऊ शकत नाही तिचे काय, हा प्रश्न आपणांपुढे आहे. भुकूमच्या घरातील थोरली सून आधी बोलली होती. जी पहिल्याने बोलते तिचे ऐकणे म्हणजे तिच्यामागून येणाऱ्या सर्वांचे रक्षण होय.

म्हणून उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस आमची सूचना अशी आहे. बाई गाऱ्हाणे घेऊन आली तर तिचे म्हणणे तिच्या घरच्यांसमोर नव्हे, एकटीचे, एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या बाईच्या देखत ऐकावे. मार झाला असेल तर त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात न्यावे व कागद जपून ठेवावा. समेट घडवावयाचा असेल तर ती निर्भय होईपर्यंत समेटाचे नाव काढू नये. तिच्याबरोबर ठाण्यात जावे. फिर्याद नोंदली गेली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. ठाणेदाराने नोंद करण्याचे नाकारले तर तीच हकीकत लिहून बुलढाण्यास पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, व तेथेही दाद न लागली तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे. संकटसमयी ११२ व १८१ या क्रमांकांवर फोन करता येतो, आणि १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीस, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. हे सर्व करताना आरोप झालेल्या मनुष्याची गावात निंदा करीत फिरू नये. त्याचेही म्हणणे ऐकले जाईल असे पाहावे.

आमच्याच जिल्ह्यात सिंदखेडराजास दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या स्मरणार्थ हजारो लोक जमतात, व पुढारीही येतात. मातेचा मान तेथे होतो तो योग्यच आहे. पण तो मान खरा की नुसता बोलण्यापुरता, हे १३ जानेवारीस एखादी सून ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली म्हणजे कळेल.